कुलपातलं पाणी

औरंगाबादेतल्या माणसाला आज वार कोणता विचारला तर तो चुकेल, पण पाण्याचा वार चुकायचा नाही. नळ कधी येणार, किती वेळ टिकणार, कोणाच्या मोटारीनं कोणाचं पाणी ओढलं, यावरनं इथं बोलचाल बंद झालेली घरं आहेत. जायकवाडीसारखं धरण उशाला, आणि घरात नळ आठवड्यातनं एकदा, तोही मेहरबानी केल्यासारखा. तुम्हाला यात नवीन काय? तुमच्याही मोरीत पिंप भरलेलं असेल आणि त्यावर परात उपडी घातलेली असेल. म्हणून ही गोष्ट तुमच्या गल्लीतली समजूनच ऐका.

गारखेड्याच्या मागच्या अंगाला एका गल्लीत कडूबा त्रिभुवन राहायचा. वाळूजच्या एका गाड्यांच्या कंपनीत वेल्डर, पण कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्टवर म्हणजे काय, हे ज्याच्या घरात असा माणूस आहे त्यालाच कळतं. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा सुपरवायझरच्या मागंपुढं फिरायचं. कडूबाचं निम्मं आयुष्य असं फिरण्यात गेलं. त्या उन्हाळ्यात तर गाड्या खपत नव्हत्या. माणसं सकाळी गेटावर जायची आणि भरलेला डबा तसाच घेऊन दुपारी परत यायची.

या भीतीवर कडूबानं आपल्या परीनं एक उपाय काढला होता. घराच्या स्लॅबवर त्यानं मोठी काळी टाकी बसवली. काठोकाठ भरली. झाकणावरनं लोखंडी पट्टी आडवी टाकली, तिला कोयंडा वेल्डिंग केला आणि वर कुलूप ठोकलं. रोजचं पाणी खालच्या दोन निळ्या ड्रममधनं. टाकीला कुणी हात लावायचा नाही. बायकोनं, मार्थानं, एकदा गोधड्या धुवायला मागितलं तर म्हणाला, “ते येळेला हाय.” ती वेळ कोणती, हे त्यानं कधी सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक नसावं.

चावी त्याच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असायची. त्याच दोऱ्यात बापानं दिलेला लहानसा क्रूस. कडूबा वाकला की दोन्ही एकमेकांवर वाजायचे. त्याची पोरगी एस्तेर, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, तोंडानं तिखट. ती म्हणायची, “पप्पा, देवाला जरा सरकून बसायला सांगा, चावीला जागा पुरत नाय.”

रोज संध्याकाळी जेवणं झाली की कडूबा वर जायचा आणि बोटाच्या पेरानं टाकी वाजवून बघायचा. भरलेल्या टाकीचा आवाज बसका असतो. तो ऐकला की त्याच्या छातीतली धडधड जरा खाली बसायची. प्रार्थना एखाद्या दिवशी राहून जायची. टाकी वाजवायची राहत नव्हती.

आता दुसरी गोष्ट. नळ आला की कडूबा थेट लाइनीला मोटार लावायचा. गल्लीच्या शेवटाला मुनिरा आपा राहायची, शिलाईमशीनवर पोरांना वाढवणारी. इकडं मोटार घुं घुं सुरू झाली की तिकडं तिच्या नळातनं नुसती हवा फुसफुसायची. सुरुवातीला ती येऊन भांडली. “कडूबाभाई, हमारे नल में से सिर्फ हवा आरी. हवा से क्या आटा मळूं?” कडूबानं तोंड वर करून सांगितलं की लाइनीचा उतारच तसा हाय, त्याला तो काय करणार. नंतर तिनं भांडणं सोडलं. ती टँकरवाल्याच्या मागं हंडे घेऊन पळायला लागली.

त्याच उन्हाळ्यात गल्लीत ताप आला. मुनिरा आपाची धाकटी मेहरुन्निसा डेंग्यूनं घाटीच्या सरकारी दवाखान्यात पडून होती, लई दिवस. महापालिकेची माणसं बॅटऱ्या घेऊन घरोघरी पिंपं तपासत आली. कडूबानं त्यांना जिन्यावर पाय ठेवू दिला नाही. म्हणाला, “आमची टाकी कुलपात असती, साहेब. मच्छर काय चावी घेऊन येतो का?” ती माणसंही हसली, भिंतीवर खडूनं काहीतरी खूण केली आणि पुढं गेली.

गल्लीतनं बाहेर पडलं की पत्र्याच्या छपराचं एक प्रार्थनाघर आहे. लोक त्याला पत्र्याची मंडळी म्हणतात. तिथं लेकरांचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस जाणता झाला की स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा आणि मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात उतरायचं. पण या शहरात हौद भरायचा कशानं? म्हणून मंडळीत एक रीत पडली होती. ज्याच्या घरचं माणूस उतरणार, त्या घराचा हंडा पहिला. मग बाकीच्या घरांनी आपापल्या वाट्यातलं एकेक भांडं आणून ओतायचं. टँकर मागवत नव्हते. ही रीत लावली सरूबाईनं. सरूबाई म्हणजे मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, अंगणात झाडू मारणारी आणि पाळकसाहेबांनाही रागावणारी.

कडूबाचा स्वतःचा बाप्तिस्मा राहिलाच होता. बाप्तिस्म्याआधीचे वर्ग त्यानं दोनदा केले. दोन्ही वेळेला शेवटच्या आठवड्यात मागं सरला. विचारलं की म्हणायचा, “परमनंट झालो की घेतो. मन थाऱ्यावर पायजे ना.” मंडळीतले लोक मग विचारायचेच बंद झाले.

आणि आता एस्तेर उतरणार होती. रविवार ठरला होता. शनिवारी नळाचा वार होता, म्हणजे हौदाचं काम सोपं.

शनिवारी सकाळी कडूबा कंपनीच्या गेटावर गेला. त्याचं कार्ड मशीननं घेतलंच नाही. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस चहा पीत उभा होता, तो लांबनंच म्हणाला की सध्या ब्रेक, बोलावलं तर फोन येईल. कडूबा बसनं परत आला. घरी काही बोलला नाही, डबा मात्र बाहेरच संपवून आला. दुपारी गल्लीत ओरडा झाला की पैठण रोडला मोठी लाइन फुटली, आता पाणी कधी येईल ते येईल.

एका दिवसात दोन्ही नळ बंद झाले, पगाराचा आणि पाण्याचा. कडूबा वर गेला, भर उन्हात टाकीला पाठ लावून बसला आणि दोऱ्यातली चावी मुठीत धरली.

सरूबाई तिथंच आली. एवढं वय, पण जिना चढून आली. श्वास सांभाळून तिनं सरळ मुद्द्यालाच हात घातला. पोरीचा हौद कोरडा आहे, पहिला हंडा तुझा, आणि तुझ्या डोक्यावर पाण्याचा डोंगर आहे. काढ कुलूप.

कडूबानं बाप्तिस्मा पुढं ढकला म्हणून सांगितलं. देव काय रविवारवरच अडून बसलाय का? सरूबाई ऐकेना. तेव्हा तो चिडला.

“मावशे, देवानंच अक्कल दिली ना साठवायची? बायबलात योसेफानं मिसर देशात कोठारं भरली, ते पाप होतं का?”

“नव्हतं. लई शहाणपण होतं,” सरूबाई म्हणाली. “पर दुष्काळ आला तवा त्यानं कोठारं उघडली. म्हणून त्याचं नाव ऱ्हायलं. तुझं काय उघडलं रे? मोटार उघडली. आपाच्या नळातली हवा उघडली.”

कडूबानं मान फिरवली.

“ह्यातलं पाणी तू कधी पिलास?”

“पिलो नाय. ते येळेला हाय.”

“मंग ते तुझं कसं? तू त्याचा वॉचमन हायस, लेकरा. बिनपगारी.”

मग ती जरा मऊ झाली. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली ती लहान पोरगी होती. जालन्याकडं मिशनच्या आवारात तिची आई कामाला होती. निजामाचं राज्य गेलं, नवं बसायचं होतं, मधल्या दिवसांत कुणाला उद्याचा भरवसा नव्हता. ज्यांच्या वाड्यांना लोखंडी दारं होती तेही लेकरं काखेत मारून आवारात आले, हिंदूही आणि मुसलमानही. आवाराला भिंत होती गुडघ्याएवढी, वर काटे. सरूबाईनं आईला विचारलं होतं की एवढ्या भिंतीमागं लोक का येतात. आईनं विहिरीकडं बोट दाखवलं. विहिरीवर रहाट दिवसरात्र फिरत होता आणि कुणी कुणाला जात विचारत नव्हतं.

“भित्तीनं वाचलो नाय आम्ही,” सरूबाई म्हणाली. “भ्या सगळ्यांलाच होतं, माझी आय तर थरथरायची. पर तिचा हात धरणारा कुणीतरी हाय, हे तिला पक्कं ठावं होतं. म्हणून तिचा हात दुसऱ्याला पाणी द्यायला मोकळा ऱ्हायला. तुझा हात बघ. चावीत गुतलाय.”

कडूबानं तिला खाली जायला सांगितलं. जरा जोरातच. एस्तेर जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती बापाला एवढंच म्हणाली, “मी उद्या जाणार. हौदात तांब्याभर असलं तरी जाणार. पुढं ढकलायला शिकले तर तुमच्यासारखीच होईन ना मी.”

 पोरीचं बोलणं तापल्या लोखंडासारखं लागलं होतं, आणि वेल्डरला चटका काय असतो ते सांगावं लागत नाही.

रविवारी सकाळी तो प्रार्थनाघराकडं गेला खरा, पण आत गेला नाही. मागच्या अंगणाच्या फाटकापाशी हाताची घडी घालून उभा राहिला. हौद कोरडा ठणठणीत, बुडाला पाल पळत होती. एस्तेर पांढऱ्या कपड्यात पत्र्याच्या सावलीला उभी. पहिला हंडा कोणाचा, म्हणून सगळे कडूबाकडं बघून न बघितल्यासारखं करत होते. शेवटी सरूबाईच पुढं झाली. तिनं आपल्या घरचा तांब्या ओतला. सिमेंटनं तो तिथल्या तिथं पिऊन टाकला.

मग माणसं येऊ लागली. कोणी घागर, कोणी रंगाची बादली घासून, कोणी सायकलला कॅन लटकवून. एका बाईनं तर कुकरच आणला. लाइन फुटलेली, प्रत्येकाच्या घरात मोजकंच पाणी, तरी येत होते. कोणी दुसऱ्याच्या भांड्यात डोकावत नव्हतं.

आणि फाटकातनं मुनिरा आपा आली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. कडूबाच्या अगदी शेजारनं गेली.  आपाच्या घरात पाणी कुठून आलं हे त्याला चांगलं माहीत होतं. उन्हात टँकरमागं पळून आणलेलं होतं ते, आणि घरात नुकती तापातनं उठलेली पोरगी होती.

सरूबाईनं तिला थांबवलं. घरी लेकरू आजारी, तू कशाला? आपानं हंडा उतरवला.

“मेरी मेहरू घाटी में थी तो रोज कौन आके बैठी? येच एस्तेर. रोज. अब बच्ची का दिन है, पानी कम नै पड़ना.”

ओतून झाल्यावर परत जाताना ती कडूबापाशी थांबली. शिव्या देईल असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! ती नुसतं म्हणाली, “भाई, अंदर जाओ. बेटी देखरी तुमकू.”

कडूबानं आत बघितलं. एस्तेर खरंच बघत होती. हौदात पाणी जेमतेम घोट्याएवढं.

तो वळला आणि घराकडं पळत सुटला. मार्था त्याच्या मागं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला, चावी कुलपात घातली. फिरेना. एवढे दिवस उन्हापावसात राहून कुलूप गंजलं होतं. त्यानं खालनं हातोडी आणली आणि स्वतःच्या हातानं वेल्डिंग केलेला कोयंडा स्वतःच्या हातानं तोडला. झाकण उचललं.

आधी वास आला. मग दिसलं.

पाणी हिरवं झालं होतं, आणि त्यात, बापरे, नुसत्या अळ्या! वरपासनं खालपर्यंत वळवळ. ऊन आत पडलं तशा त्या खाली पळाल्या आणि पुन्हा वर आल्या. ओव्हरफ्लोच्या पाइपाचं तोंड उघडंच राहिलं होतं, साधी जाळीसुद्धा नाही. झाकणाला कुलूप आणि पाइप सताड मोकळा. मच्छराला चावीची गरजच पडली नव्हती.

कडूबानं खाली बसून पाइपाच्या उघड्या तोंडात बोट घातलं. मेहरू घाटीत कशानं पडली, गल्लीत ताप कुठनं आला, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. ज्या टाकीला तो रोज देव्हाऱ्याला लावावा तसा हात लावून जात होता, ती रोज त्याच्याच शेजाऱ्यांची लेकरं आजारी पाडत होती.

लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेली गोष्ट त्याला आठवली. रानात भुकेल्या लोकांसाठी देवानं आभाळातनं मान्ना, म्हणजे खायला अन्न, पाडला. रोजच्यापुरता उचला, उद्या पुन्हा देईन, म्हणाला. ज्यांना उद्याचा धीर धरवला नाही त्यांनी साठवला, आणि सकाळी त्यात किडे पडले. गोष्ट सांगून त्यानं बक्षीस मिळवलं होतं, पेन्सिल. आणि आज ती गोष्ट त्याच्या स्लॅबवर डोळ्यांपुढं वळवळत होती. त्याच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो. कोणीतरी इतक्या दिवसांपासनं आपल्याशी बोलतंय आणि आपण टाकी वाजवत बसलो, असा तो काटा होता.

“आता काय न्यायचं?” मार्थानं विचारलं.

कडूबा उठला. “खालचं.”

“खालचं? प्यायला काय ऱ्हाईल?”

“मला नाय माहीत, मार्था. पण खालचंच चांगलं हाय.”

निळ्या ड्रममधलं पाणी, घरातलं होतं नव्हतं तेवढं, दोघांनी हंड्यांनी वाहून नेलं. शेजारच्या दोन पोरांनी विचारलं नाही, सरळ हात लावला. शेवटचा हंडा कडूबानं हौदात ओतला तेव्हा पाणी गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या कमरेपर्यंत आलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, “भागंल.”

तो हौदाकडं बघतच राहिला. कोणाची घागर, कोणाची बादली, आपाची कळशी, कुकर, त्याचा हंडा. आता कोणतं पाणी कोणाचं, कोण सांगणार? पत्र्याच्या फटीतनं उन्हाची एक तिरीप हौदात उतरली होती आणि बुडाची खडी चमकत होती.  इतके दिवस कडूबानं पाणी साठवलं, ओढलं, लपवलं, पण पाण्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

एस्तेर उतरली, गुडघ्यावर बसली. कोणावर विश्वास ठेवतेस, असं पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा तिचा आवाज कापला नाही. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं ती पाण्याखाली गेली. एक क्षण पाणी तिच्यावर मिटलं. मग ती वर आली, केसातनं धारा, तोंडभर हसू, आणि सगळ्यांत आधी तिनं बापाला शोधलं.

बाप हौदाच्या काठावरच होता. पायातल्या चपला काढत होता.

“पाळकसाहेब, माझं पण करा.”

 सरूबाई म्हणाली, “कडूबा, अजून परमनंट झाला नायस तू.”

“नाय ना. काल ब्रेक दिला त्यांनी.” मार्था दचकून बघायला लागली, तर तो तिच्याकडं वळून म्हणाला, “सांगणार होतो. धीर झाला नाय. टाकी पण गेली, नोकरी पण गेली. आता थांबायला कारणच उरलं नाय.”

गळ्यातला दोरा काढून त्यानं चावी सोडवली आणि खिशात टाकली. क्रूस परत गळ्यात घातला. पाळकसाहेबांनी त्याला तोच प्रश्न विचारला. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, पण दिलं. आणि त्या सगळ्यांच्या पाण्यात कडूबा उताणा झुकला.

खाली काय झालं हे त्यानं पुढं कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायचा की आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कशालाच धरलं नव्हतं, आणि तरी तो पडला नाही.

त्या दिवशी मंडळीतल्या प्रत्येक घरानं त्रिभुवनांकडं प्यायचं पाणी पाठवलं. आपाकडनं कळशी आली, ती घेऊन मेहरुन्निसाच आली. कडूबा त्याच पावली तिच्या घरी गेला आणि टाकीत काय होतं ते दारात उभं राहून सांगितलं. आपानं मशीन थांबवलं आणि त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाली की चाय पिऊन जा, आणि उद्या ती टाकी घासायला पोरं पाठवते.

टाकी घासली. पाइपाला जाळी बसली. लाइनीवरची मोटार काढून खालच्या ड्रमवर लावली, टाकी भरायला. काळ्या टाकीतनं एक नळ खाली गल्लीत आणला, ज्याच्या घरी खंड पडेल त्यानं भरून न्यावं म्हणून. टाकी आता अर्धी असते, कधी रिकामीही होते. पण तिच्यात दर नळाला नवं पाणी असतं. कंपनीचा फोन दिवाळीला आला, पुन्हा कॉन्ट्रॅक्टवरच. कडूबा आजही परमनंट नाही. पण रोज संध्याकाळी त्याच्या घरातनं प्रार्थना ऐकू येते आणि टाकी वाजवल्याचा आवाज येत नाही.

तर बाबांनो, बायांनो, साठवायचं नाही असं इथं कोणी म्हणत नाही. या शहरात साठवावंच लागतं. पण जे कुलपात घालून आपण निवांत झोपतो, ते एकदा झाकण उघडून बघा. नोकरी असो, घर असो, पाणी असो, माणसाच्या हातचं कुठलंच परमनंट नसतं. कायमचा एकच आहे. त्याच्या हातात हात दिला की आपली मूठ उघडते, आणि उघड्या मुठीतनं शेजाऱ्याचीही तहान भागते.

लाइन दुरुस्त होऊन पहिल्यांदा नळ आला तेव्हा कडूबा आपल्या हंड्याजवळ थांबला नव्हता. तो गल्लीच्या शेवटाला, आपाच्या ओट्यासमोर उभा होता. नळ आधी फुसफुसला, खाकरला, आणि मग धो धो वाहायला लागला.

“भाई,” आपा आतनं म्हणाली, “जरा सरको. हंडा लगाने दो.”

कडूबा सरकला.